किल्लीकाकांनी वेबसाईट उघडली

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक माणूस राहतो, अशी नव्या भाडेकरूंची पहिले काही दिवस समजूत होत असे. सकाळी कामावर निघताना तो तिथे असायचा, संध्याकाळी परतताना तिथेच असायचा, आणि मधल्या वेळात त्याने फार तर कूस बदललेली दिसायची. खरं तर तो दुसऱ्या मजल्यावर आमच्या समोरच्या घरात राहत होता आणि जिन्याखाली त्याचं किल्ल्यांचं दुकान होतं. पण दोष नव्या भाडेकरूंचा नव्हता. त्या दुकानात एका वेळी एकच माणूस मावायचा, तोही बसलेला, तोही मान डावीकडे कलवून, कारण उजवीकडे पायरी होती. वर्षानुवर्षं त्या पायरीखाली बसून किल्लीकाकांची मान उघड्या मैदानातही डावीकडे कललेली असे. त्यामुळे ते समोरच्याचं बोलणं फार मन लावून ऐकत आहेत असं वाटायचं. अर्ध्या गल्लीचा त्यांच्याशी स्नेह या एका गैरसमजावर उभा होता.

त्यांना नाव होतं, पण ते वीजबिलावर असायचं. बाकी सगळ्यांना ते किल्लीकाका. हरवलेल्या किल्ल्या करून देणं हा त्यांचा धंदा, आणि अडलेली कुलपं न फोडता उघडणं हा अभिमानाचा विषय. "फोडायला काय, चोरही फोडतो," असं ते म्हणत, आणि ते ऐकून हातोडा घेऊन आलेला माणूस हातोडा पाठीमागे लपवत असे.

उघडण्यात त्यांचा हातखंडा असला तरी प्रेम मात्र बंद करण्यावर होतं. त्यांच्या घरात कपाटाला कुलूप होतं, पत्रपेटीला होतं, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीलाही होतं. "या घरात कुलूप न लागलेली एकच वस्तू आहे, माझ्या धाकट्या बहिणीचं तोंड," असं काकू म्हणायच्या. काका कुठल्याही दारातून बाहेर पडले की ते ओढून घेत, पुन्हा दोनदा ओढून बघत आणि "हं" म्हणत. हे दार आपलंच असलं पाहिजे अशी त्यांची अट नसे. आमच्याकडे चहा प्यायला आले तरी जाताना आमचं दार बाहेरून ओढून, तपासून, "हं" म्हणून जात. घरात आम्ही असूनही घर सुरक्षित आहे असं त्या "हं"मुळे वाटायचं.

मग इमारतीत लिफ्ट बसवायचं ठरलं. लिफ्टचा खड्डा नेमका काकांच्या स्टुलाखाली येत होता. नकाशा आणणाऱ्याने तिथे पेन्सिलने चौकोन काढला, तेव्हा सगळ्यांनी नजर चुकवली. ठराव मताला टाकला, तेव्हा पहिला हात वर गेला तो किल्लीकाकांचा. सेक्रेटरी म्हणाले, "काका, नीट विचार केलात ना? दुकान जाईल." काका म्हणाले, "दुकान जाईल, पण हिचे गुडघे राहतील." काकू दोन मजले चढताना मध्येच थांबत, कठड्याला धरून 'मी काही थकले नाही, मी विचार करतेय' असा चेहरा करत. काकांनी तो चेहरा पायरीखालून इतकी वर्षं पाहिला होता.

म्हणजे इथपर्यंत सगळं गोड होतं. भांडण सुरू झालं ते मागच्या खोलीवरून.

मागची खोली मुलाची होती. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, तिथेच लग्न करून राहिला, आणि खोली रिकामी झाली. काकांनी गृहीत धरलं की जिन्याखालचं दुकान आता तिथे येणार. काकूंनी गृहीत धरलं की आपलं शिवणाचं टेबल आता तिथे जाणार. दोघांनीही हे इतकं मनापासून गृहीत धरलं होतं की एकमेकांना सांगायची गरज कोणालाच वाटली नव्हती. काकू आयुष्यभर जेवणाच्या टेबलावर शिवत आल्या होत्या. जेवायची वेळ झाली की अर्धवट बाही, कात्री, खडू, टाचण्या उचलायच्या, जेवण झालं की पुन्हा मांडायच्या. एकदा काकांच्या घासात टाचणी आली. ती त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "बारकी कुलपं उघडायला बरी आहे." त्या रात्री काकू त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

"दुसऱ्या मजल्यावर, घराच्या आत, मागच्या खोलीत तुम्हाला शोधत येणार कोण?" काकूंनी विचारलं. मी तेव्हा तिथेच होतो. साखर परत करायला गेलो होतो आणि निघायची संधी मिळत नव्हती.

"येतील की. इतकी वर्षं येतच आहेत."

"इतकी वर्षं लोक तुमच्याकडे यायचे नाहीत, जिना चढायचे. वाटेत तुम्ही लागायचात."

वाक्य खरं होतं आणि ते काकांना लागलं होतं. मग मान आणखी थोडी कलवून म्हणाले, "मी वेबसाईट काढतो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी साखरेच्या वाटीकडे पाहिलं.

"काढा," काकू म्हणाल्या. "लिफ्ट सुरू होईपर्यंत मुदत. तोवर त्या वेबसाईटवरून एक जरी अनोळखी माणूस घरी आला, तर खोली तुमची. नाही आला, तर टेबल माझं आत, आणि तुम्ही निवृत्त. मुकाट्याने."

"मान्य."

"अनोळखी म्हणजे अनोळखी. तुमचा मावसभाऊ चालणार नाही."

काकांचा चेहरा किंचित पडला, त्यावरून मावसभावाचा विचार होऊन गेला होता हे कळलं.

मी घरी बसून संगणकावर भाषांतरं करतो. एवढ्या भांडवलावर मला वेबसाईटचं कळतं असं इमारतीत ठरलं होतं. म्हणजे बसने रोज प्रवास करणाऱ्याला इंजिन उघडून दाखवा म्हणावं तसं. पण काकांना माझी फारशी गरज पडली नाही. तयार साचे देणारी एक कंपनी त्यांनी गाठली, मुलाने टाकून दिलेल्या संगणकासमोर चष्मा पुसून बसले, आणि कंपनी जे जे विचारत गेली त्याची उत्तरं एकट्याने देत गेले. "सोपं आहे," त्यांनी मला जिन्यात सांगितलं. "दर पायरीला प्रश्न विचारतात. मी विचार करून उत्तर देतो." या वाक्यात पुढचं सगळं संकट होतं, पण ते मला तेव्हा दिसलं नाही.

पान तयार झालं. त्यावर मजकूर असा होता: 'कुलपे. किल्ल्या. विश्वास.' बस. हत्यारांचे फोटो नव्हते ("चोरांना शिकवू?"), दुकानाचा फोटो नव्हता ("तिथे खड्डा आहे"), आणि पत्ताही नव्हता.

"घराचा पत्ता जगाला सांगायचा?" काका म्हणाले.

"मग जग काय वास घेत येणार?" काकू आतून म्हणाल्या. पैज त्यांच्या विरुद्ध असली तरी मूर्खपणा त्यांना बघवत नसे.

पत्ता घातला. फोन नंबर घातला. काकांचा फोटो घातला, तो पानावर आडवा झोपला. तो सरळ करण्यात आमची एक सकाळ गेली, आणि सरळ झाल्यावरही काका तिरकेच दिसत होते. पण ती वेबसाईटची चूक नव्हती. काकांचा संगणक दम लागलेल्या माणसासारखा चालायचा, म्हणून फोटो चढवायचं काम माझ्या संगणकावर झालं, काकांच्याच नावाने आत शिरून. हे लक्षात ठेवण्यासारखं होतं. मी ठेवलं नाही.

मग काकांनी 'प्रसिद्ध करा' हे बटण दाबलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आम्ही पत्ता टाकून पाहिला. तिथे एक हसरं कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर पळत होतं.

"हे कोण?" काका म्हणाले.

खाली लिहिलं होतं की हे नाव विकलं गेलेलं आहे आणि इथे लवकरच काहीतरी येणार आहे. काकांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथे एक मुलगी होती. आवाज इतका शांत, की तिला कधी कुठली अडचण आलीच नसावी असं वाटे.

"सर, एकदा बंद करून पुन्हा उघडून पाहिलंत का?"

"बाई," काका म्हणाले, "मी कुलूपवाला आहे. दार उघडत नाही म्हणून आलेल्या माणसाला मी 'अजून एकदा ढकलून बघा' असं सांगत नाही."

"पण सर, बहुतेक वेळा त्यानेच उघडतं ना?"

काका जरा थांबले. "ते खरं आहे," ते म्हणाले. आणि त्या क्षणापासून ती मुलगी त्यांच्या लेखी जाणकार ठरली.

ढकलून उघडलं नाही. तेव्हा तिने समजावून सांगितलं, आणि काकांनी ते मला त्यांच्या भाषेत सांगितलं: नाव घेतलं एका कंपनीकडून, जागा घेतली दुसऱ्या कंपनीकडून. म्हणजे दारावरची पाटी रंगवली एकाने, खोली भाड्याने दिली दुसऱ्याने, आणि पाटी त्या खोलीवर नेऊन ठोकायला कोणी गेलंच नाही. ती ठोकायची म्हणजे नाव विकणाऱ्याच्या पानावर जागेचा आकडा नेऊन लिहायचा. तो काकांनी लिहिला, दोनदा ओढून पाहिल्यासारखा दोनदा तपासला आणि "हं" म्हणाले. तरी त्यांच्या संगणकावर कुटुंब पळतच राहिलं. माझ्याकडे मात्र काकांचं पान आलं.

"तुमच्याकडे दुकान आणि माझ्याकडे समुद्र?"

"बातमी सगळीकडे पोचायला वेळ लागतो म्हणे. एखादा दिवस."

"एवढं मोठं इंटरनेट," काका म्हणाले, "आणि यापेक्षा माझी मेव्हणी लवकर पोचवते."

दुसऱ्या दिवशी कुटुंब घरी गेलं आणि काकांचं पान आलं. काका पुढे वाकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पत्त्याच्या शेजारी एक कुलूप होतं. त्यावर तिरकी रेघ मारली होती. आणि लिहिलं होतं: सुरक्षित नाही.

"कोण म्हणतं?"

"ब्राउझर म्हणतो."

"त्याला कोणी विचारलं?" त्यांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. शेजारी मीच होतो आणि आतच होतो. "माझ्या दुकानाच्या तोंडावर? कुलूपवाल्याच्या?"

एखाद्या वैद्याच्या दारावर 'इथे साथ आहे' अशी पाटी लागावी तसं ते झालं होतं. काका त्या दिवशी जेवले नाहीत. मदत केंद्रातल्या मुलीने सांगितलं की नव्या पत्त्याला एक प्रमाणपत्र लागतं, ते मागवायचं बटण कुठे आहे ते दाखवलं, आणि थोडा धीर धरायला सांगितलं. काकांनी बटण दाबलं आणि आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे पडद्याशी बसून राहिले. संध्याकाळी रेघ गेली. कुलूप लागलं. काकांनी चष्मा वर करून ते बराच वेळ न्याहाळलं.

"कुठल्या बनावटीचं?"

"काका, ते चित्र आहे."

"चित्राचं कुलूप," काका समाधानाने म्हणाले. "पण बंद आहे."

आता सगळं ठीक होतं. पान उघडत होतं, फोटो उभा होता, कुलूप लागलं होतं. काका वाट बघू लागले.

खाली लिफ्टचं काम चाललं होतं. लोखंडी रूळ उभे राहिले, मग तारा आल्या. काका रोज लिफ्टवाल्याला चहा नेऊन देत आणि विचारत, "घाई नाही ना?" काकूही रोज चहा पाठवत आणि वरून ओरडून विचारत, "अजून किती लावणार?" लिफ्टवाला दोन्ही बाजूंचा चहा पिऊन आपल्या गतीने काम करत राहिला. "असं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही," तो मला म्हणाला. "नवरा म्हणतो हळू, बायको म्हणते लवकर, आणि दोघांच्या चहात साखर सारखीच."

वेबसाईटवरून कोणीही आलं नाही. फोनही आला नाही. काका फोन उचलून तो चालू आहे का ते बघत. मग घरच्या फोनवरून स्वतःला फोन करून बघत. वाजला की क्षणभर खुश होत, आणि मग कोण करतंय ते आठवे. रिकाम्या खोलीत जाऊन भिंतीपाशी उभे राहत. आपलं किल्ल्या घासायचं मशीन त्यांनी एका गोणपाटात बांधून पलंगाखाली ठेवलं होतं. ते एकदा मी त्यांना गोणपाटाबाहेरून चाचपताना पाहिलं. "गंज धरतो पडून पडून," ते म्हणाले. मशीनबद्दल म्हणाले की कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.

काकूंनी इकडे खोलीच्या फरशीवर खडूने टेबलाचे चार पाय आखून घेतले होते. "बसतंय का एवढंच बघितलं," त्या म्हणाल्या. बसत होतं. नुसतं बसत नव्हतं, खिडकीच्या उजेडात बसत होतं.

मग एका सकाळी काकूंनी माझं दार वाजवलं. हातात त्यांचा फोन होता.

"ही काय भानगड आहे हो? बहिणीला सांगितलं, यांचं पान बघ म्हणून. ती म्हणते, दिसत नाही, पासवर्ड मागतो. मला वाटलं हिला काही येत नाही. मी माझ्या फोनवर बघितलं, तर मलाही मागतोय."

मी बघितलं. पांढऱ्या पानावर मध्यभागी एक चौकट होती: 'हे संकेतस्थळ खाजगी आहे. पुढे जाण्यासाठी परवलीचा शब्द भरा.'

मला सगळं एकदम कळलं. काका बघत होते ते मालक म्हणून, आत शिरलेले. मी बघत होतो तो माझ्या संगणकावर काकांच्याच नावाने, कधीचा आतच. बाहेरून दार कसं दिसतं हे आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं.

"म्हणजे सगळ्यांना असंच दिसतंय?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांना."

"म्हणजे कोणी येणारच नाही."

"येणं शक्यच नाही."

काकू दारातच उभ्या राहिल्या. खालून लिफ्टच्या दरवाज्यांचा आवाज येत होता. त्या दिवशी दरवाजे बसवत होते. म्हणजे फार काळ उरला नव्हता. काहीही न करता, फोन पिशवीत टाकून घरी गेल्या असत्या, तरी खिडकीचा उजेड त्यांचा होता. त्यांनी आपल्या घराच्या दाराकडे पाहिलं, मग फोनकडे.

"त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.

"मी सांगते."

त्या पुढे आणि मी मागे, असे आम्ही आत गेलो. काका रिकाम्या खोलीत खडूच्या रेघांना पाय न लावता उभे होते.

"अहो, तुमच्या दुकानाला कुलूप आहे."

"असणारच," काका अभिमानाने म्हणाले. "मीच लावलंय."

"बाहेरून?"

"कुलूप बाहेरूनच लावतात."

काकूंनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. काकांनी वाचलं. मग शांतपणे म्हणाले, "हो. त्याने विचारलं होतं पहिल्याच दिवशी. तुमचं पान कोण पाहू शकेल? सगळे, पासवर्ड असलेले, की फक्त तुम्ही? आता मी काय सांगणार, कोणीही या? मी चांगला लांबलचक पासवर्ड घातला. आकडे घालून."

"अहो, दुकान आहे ते!"

"दुकान आहे म्हणूनच! आत आपला फोन नंबर आहे, पत्ता आहे."

"तो लोकांना मिळावा म्हणूनच घातला ना?"

"मिळावा. पण कोणालाही मिळू नये."

इतका नीट विचार करून केलेली चूक दुरुस्त करायला माणसाला शब्द सापडत नाहीत. मग मी त्यांचा संगणक उघडला, आणि शोधाशोध करताना खाली आणखी एक चौकट सापडली: 'शोधणाऱ्यांना हे पान दाखवू नका.' तिथेही काकांनी बरोबरची खूण केली होती.

"हे तर बरंच केलं," काका म्हणाले. "शोधणारे म्हणजे कोण? पोलीस, नाहीतर चोर."

मी दोन्ही कुलपं काढली. काढताना काका माझ्या खांद्यामागे उभे होते आणि त्यांचा श्वास ऐकू येत होता. शेवटी म्हणाले, "हे असं सताड उघडं राहणार? रात्रीसुद्धा?"

"रात्रीसुद्धा."

"शटर नाही?"

शटर नव्हतं. मदत केंद्रातल्या मुलीलाही काकांनी फोन करून विचारलं. ती म्हणाली की हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. मग काकांनी आपली सोय आपण केली: दुकान बंद करायच्या वेळेला पान बंद करून पासवर्ड घालायचा आणि सकाळी उठून काढायचा. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, ज्याची किल्ली हरवते तो बिचारा संध्याकाळीच घरी येतो. तेव्हाच तुम्ही बंद!" पण काका ऐकेनात. रोज संध्याकाळी पान बंद करायचे, एकदा उघडून बघायचे आणि "हं" म्हणायचे.

एकदा त्यांना ताप आला आणि पान उघडं राहून गेलं. सकाळी तापातच उठून त्यांनी मला बोलावलं. दोघांनी मिळून सगळं पाहिलं. फोटो होता. नंबर होता. तीनही शब्द जागेवर होते.

"काही गेलं नाही," काका आश्चर्याने म्हणाले. "रात्रभर उघडं होतं आणि काही गेलं नाही."

तेव्हापासून त्यांनी ते उघडंच ठेवलं. पण त्या दिवसांतच एकदा, मी शेजारीच असताना, त्यांनी काकूंना विचारलं, "तू का सांगितलंस गं? गप्प राहिली असतीस तर खोली तुझीच होती."

काकू सुईत दोरा ओवत होत्या. "गप्प बसून मिळालेल्या खोलीत मला एक टीप सरळ आली नसती," त्या म्हणाल्या. "आणि खोली माझीच आहे. कोण येतंय तुमच्या त्या पानावर?"

आणि खरंच कोणी येत नव्हतं. इंटरनेटवर शोधणाऱ्यांना नवं पान दिसायलाही वेळ लागतो, हे नवीनच कळलं होतं. काका दिवसेंदिवस गप्प होत गेले. लिफ्टवाल्याला चहा नेताना 'घाई नाही ना' हेही विचारेनासे झाले.

ज्या दिवशी लिफ्ट चालू करायची होती, त्या दिवशी सेक्रेटरींनी खालून ओरडून सांगितलं की पहिली फेरी काकूंची. त्यांच्याच गुडघ्यांमुळे लिफ्ट आली असं आता सगळे म्हणत होते. काकू ठेवणीतले कपडे घालून दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारासमोर उभ्या राहिल्या. शेजारी मी. मागे आपल्या दारात काका, हात पाठीशी. हरलेल्या माणसाने उभं राहावं तसे, पण बायको लिफ्टमध्ये बसताना तर बघायची होती.

खाली काहीतरी गडबड झाली. कोणीतरी "अहो, अहो!" म्हणून ओरडलं. लिफ्ट गुरगुरली, वर आली, दार उघडलं. आत सेक्रेटरी नव्हते. सोनेरी बटणांचा पांढरा कोट घातलेला एक घामाघूम माणूस होता आणि त्याने काळी लांबट पेटी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती.

"कुलूपवाले इथेच ना? वेबसाईटवर दुसरा मजला लिहिलंय."

काका हलले नाहीत. आधी काकू हलल्या.

"तुम्ही यांच्या ओळखीचे?"

"नाही हो."

"मावसभाऊ वगैरे?"

"काकू, मी बँडमधला सनईवाला. क्लॅरिनेट म्हणा. पेटीच्या कुलपात किल्ली तुटली. तासाभरात लग्नात वाजवायचंय."

"माणूस आला," काका हळूच म्हणाले.

"लिफ्ट आधी सुरू झाली," काकू म्हणाल्या.

"माणूस आधी आला."

"तो लिफ्टमधून आला! माणूस लिफ्टमधून आला म्हणजे लिफ्ट आधी. यात कसली शंका?"

"अहो," काकांनी त्या माणसाला विचारलं, "तुम्ही वेबसाईट कुठे बघितलीत?"

"चौकात."

"बघ. चौकातच आला होता तो वेबसाईटवर. तेव्हा लिफ्ट बंद होती."

"पैज वेबसाईटवर येण्याची नव्हती. घरी येण्याची होती. घरी तो लिफ्टनंतर आला."

"तुम्ही भांडा," सनईवाला रडकुंडीला येऊन म्हणाला, "पण तोवर कोणीतरी हे उघडा."

काकांनी पेटी घेतली आणि ते मागच्या खोलीत गेले. तिथे काकूंचं टेबल आलेलं होतं. कधी आलं ते कोणी विचारलं नाही. त्यावर एक अर्धवट कापलेला कोट होता. काकूंनी तो उचलून खांद्यावर टाकला. काकांनी पेटी टेबलावर ठेवली, बाहेरच्या पलंगाखालून गोणपाट ओढून आणलं, त्यातून तारेचे दोन बारीक आकडे काढले आणि कुलपाला कान लावला.

"उजेड," ते म्हणाले.

काकूंनी शिवणाचा दिवा उचलून धरला.

इतक्या वर्षांत काकूंनी नवऱ्याला काम करताना कधी जवळून पाहिलं नव्हतं. जिन्याखाली दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. घरी येणारा नवरा त्यांच्या ओळखीचा होता, तो टाचण्यांवर विनोद करायचा आणि टाकीला कुलूप लावायचा. हा वेगळा होता. हा डोळे मिटून, ओठ हलवत, त्या मुठीएवढ्या कुलपाशी काहीतरी बोलत होता. "असं नको करू," तो त्याला म्हणत होता. "कोणी मारणार नाही तुला. थोडं इकडे ये." मान डावीकडे कलली होती, आणि पहिल्यांदाच ती कलण्याला पायरीवाचून दुसरं कारण होतं.

"तेल," काका म्हणाले.

काकूंनी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी पुढे केली. दिवा दुसऱ्या हातात होता. तो जराही हलला नाही.

तुटलेला तुकडा बाहेर आला. पेटी उघडली. सनईवाल्याने वाद्य जोडलं, आणि ठीक आहे ना बघायला तिथेच उभ्या उभ्या एक लांब सूर लावला. तो लिफ्टच्या पोकळीतून थेट खाली गेला, आणि खाली जमलेल्या मंडळींना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो माणूस धावत गेला, लिफ्टनेच. काका आकडे पुसत होते. काकू दिवा हातात घेऊन अजून उभ्या होत्या.

"खोली माझी," त्या म्हणाल्या.

"हो," काका म्हणाले. "लिफ्ट आधीच सुरू झाली होती. मला मान्य आहे."

"त्या भिंतीपाशी तुमचं मशीन लावा. खिडकीपासून लांब. लोखंडाचा कीस माझ्या कापडावर उडालेला चालणार नाही. आणि दुपारी मी पडते तेव्हा ठोकाठोकी बंद."

काकांनी मान सरळ केली. जेवढी होत होती तेवढी. "म्हणजे मी भाडेकरू?"

"मग काय, मालक? जिन्याखाली तरी कधी होतात?"

ते खरं होतं. काका आयुष्यात पहिल्यांदाच खिडकी असलेल्या खोलीत भाडेकरू होत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते जिंकले आहेत की हरले, हे खालून आलेल्या सेक्रेटरींना काही केल्या समजेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्याकडे आले. पानावरचा पत्ता बदलायचा म्हणाले.

"तोच तर आहे ना?"

"दुसरा मजला, डावं दार, इथवर बरोबर. पुढे लिहा: आतल्या खोलीत, शिवणयंत्राच्या पलीकडे."

"आणि कोट, बाह्या, अस्तरं करून मिळतील," उघड्या दारांमधून समोरून काकूंचा आवाज आला. "तेही लिहा. वर लिहा. यांच्या वर."

"खाली," काका म्हणाले.

"जागा कोणाची आहे?"

"वर लिहा," काका मला म्हणाले.

मी लिहिलं आणि प्रसिद्ध केलं. काकांनी काकूंचा फोन मागवून घेतला, जिन्यात जाऊन उभे राहिले, आणि रस्त्यावरच्या कुठल्याही परक्या माणसासारखा पत्ता टाकून पाहिला.

"दिसतंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, फोन काकूंकडे परत देताना, "तुझं आधी दिसतंय."